कापसाची खोली आणि चार वॅटचा आवाज

दिवाळी सरली की चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरातली पुढची खोली आमची राहत नाही, कापसाची होते. भाव वाढेल या आशेवर वेचणीचा कापूस तिथेच ओततात आणि पौष येईस्तो ढीग छातीला लागतो. त्या खोलीत कोणी बोललं की आवाज तोंडापुढेच विरतो. लहानपणापासून हे अंगवळणी पडलेलं. त्यामागचं विज्ञान उमगलं ते मामेभावाने स्वतः घडवलेले दोन छोटे स्पीकर ऐकायला आणले तेव्हा.

भाद्रपदात तो पहिल्यांदा आला. खोली रिकामी होती. दीड वीत उंचीचं प्लायवुडचं खोकं, वरून सागाचा पातळ थर, पुढे पाच इंची कागदी कोन. खोक्याच्या आत घरचाच पिंजलेला कापूस भरलेला. सोबत व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, एकेका बाजूला एकच ईएल८४, म्हणजे आजोबांच्या काळच्या अनेक रेडिओंत असायचा तोच व्हॉल्व्ह. ताकद फार तर चार वॅट. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग काचेच्या आत तांबूस उजेड दिसतो आणि आवाज हळूहळू वर येतो.

चार वॅट ऐकून माणसं नाक मुरडतात. वरातीत हजारो वॅटच्या भिंती ऐकलेल्या कानांना हा आकडा पोरखेळ वाटतो. पण नुसत्या वॅटवरून आवाज कळत नाही. स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, हे आधी विचारावं. भावाच्या स्पीकरचा आकडा होता ८७. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे चार वॅटला ९३. समोरासमोरचं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. घरात गाणं ऐकायला ९३ पुष्कळ झाले. मात्र तबल्याची किंवा मृदंगाची थाप सरासरी आवाजाच्या १०-१५ डेसिबल वर उसळते, तेवढी जागा राखूनच आवाज ठेवावा लागतो. खोकं मोठं असतं तर तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज मिळाला असता. छोटं खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज ही तिन्ही एका स्पीकरमध्ये नांदत नाहीत, एकावर पाणी सोडावंच लागतं. भावाने खर्जावर थोडं आणि आवाजावर थोडं सोडलं होतं, आणि ते मला पटलं.

आम्ही खाटेवर बसलो, स्पीकरपासून दहा फुटांवर. तानपुरा लावला, मग कीर्तनातला मृदंग, मग मोठ्या आईचं फोनवर टिपलेलं बोलणं. घरच्या माणसाचा आवाज ही मला सगळ्यांत खरी परीक्षा वाटते, कारण तो मूळचा कसा आहे हे कानाला पाठ असतं. आवाज भरपूर होता, पण शब्द एकमेकांवर चढत होते. आवाजाच्या खुंटीवर जिथे बरं वाटलं तिथे भावाने पेन्सिलीने खूण केली.

पौषात तो पुन्हा आला. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, खाट, सगळं जागच्या जागी. फक्त निम्मी खोली कापसाने भरलेली. मोठी आई दारातूनच म्हणाली, "आज आवाज इतला मऊ कसा लागस रे भाऊ?"

तिने नेमकं ओळखलं. दहा फुटांवर कानाशी पोचणारा बराचसा आवाज थेट स्पीकरमधून येत नाही, भिंती-छताला आपटून परततो. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींत शिरलेली हवा तंतूंना घासत पुढे-मागे हलते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत मुरते. हे पहिल्यांदा नीट मोजलं अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइनने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यान सभागृहात शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक घुमत राहायचा. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून घड्याळावर वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीच्या एकूण शोषणाने भागायचं, म्हणजे आवाज कितीतरी चौरस मीटरच्या उघड्या खिडकीतून निघून जावा तेवढा खोलीत मुरतो, त्या आकड्याने.

आमची खोली १२ बाय १५ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर. रिकामी असताना आवाज सव्वा सेकंद घुमतो असं धरलं तर शोषण साडेसहा चौरस मीटरच्या आसपास येतं. कापसाच्या ढिगाची उघडी बाजू मिळवली की ते अठरापर्यंत जातं आणि घुमणं अर्ध्या सेकंदाच्याही खाली येतं. शोषण पावणेतीन पट झालं, म्हणजे परतून येणारा आवाज चार-साडेचार डेसिबलने उतरला. तो भरून काढायला वॅटही पावणेतीन पट हवेत. भाद्रपदात दीड वॅटवर भागत होतं, तिथे आता चारही पुरेनात. खुंटीवरची दुसरी खूण बरीच पुढे गेली आणि मृदंगाची थाप टोकाला फाटू लागली. पण मोठ्या आईच्या बोलण्यातला शब्द न् शब्द सुटा झाला होता. मला विचाराल तर मी ही दुसरी खोलीच घेईन, आणि आवाज थोडा कमी ठेवीन.

व्हॉल्व्हच्या आवाजाला लोक गोड म्हणतात, त्याचंही कारण सापडतं. एकाच व्हॉल्व्हचा असा अ‍ॅम्प्लिफायर मूळ स्वरात मुख्यतः दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. २४० कंपनांचा सा असेल तर ४८० चा, म्हणजे वरचा सा. तो कानाला खुपत नाही. तिप्पट, ७२० चा स्वर वरच्या सप्तकातला पंचम, तोही सुरातच. त्यापुढचे विषम पटीतले बरेच स्वर मात्र खटकतात, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला की तेच वाढतात. दुसरं कारण स्पीकरमध्ये आहे. त्यावर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी खर्जाच्या एका जागी त्याचा अडथळा चाळीसपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याचं सोयरसुतक नसतं. व्हॉल्व्हचा मात्र तिथे दोन-तीन डेसिबल जास्त देतो, आणि छोट्या खोक्यातूनही मृदंग भारदस्त वाटतो. म्हणून असे स्पीकर आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, आपल्याच घरात ऐकावेत. दोन जोड्यांची तुलना करायची तर आधी फोनवरच्या मापकाने दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर कानाला उगाच सरस वाटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हॉल्व्हची काच हात लावू न देण्याइतकी तापते. आम्ही अ‍ॅम्प्लिफायर कापसापासून पार दूर, दाराशी फरशीवर ठेवला होता आणि तो चालू असेस्तो कोणीही खोली सोडली नाही. आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या घरात विद्युतभार राहू शकतो, तो जीव घेऊ शकतो. माहीतगार माणसाशिवाय झाकण उघडू नये.

फाल्गुनात ट्रॅक्टर आला आणि कापूस जिनिंगला गेला. त्या रात्री खोली पुन्हा घुमू लागली. आम्ही भिंतीवर तीन गोधड्या टांगल्या. टाळीचा खणखणाट गेला, मृदंगाचा घुमारा तसाच राहिला. १०० कंपनांच्या स्वराची लांबी ३.४ मीटर, त्याला धरायला हातभर जाडीही कमीच पडते, बोटभर गोधडीतून तो सहज निसटतो. आबा ओसरीवरून ऐकत होते. सकाळी उठलो तर खोलीच्या दोन कोपऱ्यांत कापसाने ठासलेलं एकेक मोठं बोचकं उभं होतं. एवढं त्यांनी विकायचं मागे ठेवलं होतं.