बलू (टंक)

बलू : गोलसर कोपऱ्यांचा, भरदार वजनाचा (म्हणजे जाड रेषांचा) निःसेरिफ, अर्थात रेषांच्या टोकांना बारीक फाटे नसलेला, शीर्षक-टंक (मथळ्यांचा फाँट). मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो घडवला व 2016 मध्ये गूगल फाँट्स या मोफत फाँटसंग्रहावर खुला झाला. देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची असून तांत्रिक बांधणी गिरीश दळवी यांची आहे. नाव किपलिंगच्या ‘जंगल बुक’ कथांतील बलू या अस्वलावरून घेतले असावे. रचनाकारांनी केलेल्या वर्णनात पंजे व केसाळ अंग येते, त्यावरून हे मत ग्राह्य वाटते. इतर भारतीय लिप्यांतील भावंडांना त्या त्या भाषेतील ‘भाऊ’ जोडला आहे : गुजरातीत भाई, बंगालीत दा, ओडियात भाइना, मल्याळममध्ये चेट्टन, तमिळमध्ये तंबी, गुरुमुखीत पाजी. उर्दूसाठी भाईजान आहे.

गोल टोकांच्या निःसेरिफ अक्षरांचा उगम पाश्चात्त्य छपाईत 19 व्या शतकाच्या पूर्वार्धातील लाकडी जाहिरात-टंकांपर्यंत नेला जातो. फोक्सवॅगनसाठी 1970 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला ‘व्हीएजी राउंडेड’ हे त्याचे विसाव्या शतकातील प्रसिद्ध उदाहरण. देवनागरीची वंशावळ मात्र वेगळी लावावी लागते. तिरप्या छाटणीच्या बोरूने जाड-बारीक रेषा व धारदार टोके येतात. त्यातून सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीचे, मऊ कोपऱ्यांचे वळण सिद्ध होत नाही. गोल ब्रशने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांशी त्याचे नाते जोडणे अधिक युक्त ठरेल.

खरी कसोटी गोलाईपेक्षा वजनाची आहे. लॅटिन (रोमन) अक्षर जाड करताना ते रुंद करता येते, वर-खाली मोकळीक राहते. देवनागरीत शिरोरेषाही जाड होते, आणि तिच्याखालच्या तेवढ्याच उंचीत ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’ बसवायचे असते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्या गाठीतील पांढरी जागा सर्वांत आधी बुजते. म्हणून रेषा जिथे दंडाला (उभ्या रेषेला) मिळते तिथे ती हळूच बारीक करावी लागते. डोळ्याला जाडी एकसारखीच भासते. लॅटिन ‘एन’ वा ‘यू’ यांच्या सांध्यावरचे टोक बलूत गाळलेले आहे, त्यामुळे दंड वळणात सरळ विरघळतो. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तरी एका हातच्या वाटतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी या सांध्यांना द्यावे लागेल.

मूळ संच एकाच वजनाचा होता. 2019 मधील ‘बलू 2’ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत 5 वजने आली. बालपुस्तकांची मुखपृष्ठे, वेष्टने, फलक, अ‍ॅपमधील मथळे यांसाठी तो योग्य. भारी वजनात सलग मजकूर लावल्यास ओळी काळवंडतात. ओपन फाँट परवान्यामुळे व्यावसायिक वापर व फेरबदल विनाशुल्क करता येतात, केवळ फाँट सुटा विकता येत नाही.