उन्हाळी फुलझुडुपांची ओळख

नाव-गाव ठाऊक नसलेले बागेतले झुडूप त्याच्या बाह्य लक्षणांवरून ओळखण्याची रीत. जुन्या वाड्याच्या परसात, विकत घेतलेल्या बंगल्याच्या कुंपणाशी किंवा सोसायटीच्या आवारात कोणी कधी लावले ते माहीत नसते आणि चैत्र-वैशाखात ते अचानक फुलते, तेव्हा हा प्रश्न पडतो. रानातल्या वनस्पतींसाठी प्रादेशिक ग्रंथ आहेत. लागवडीतल्या झुडुपांना त्यांत जागा बेताचीच मिळते.

बहुतेक जण फुलापासून सुरुवात करतात, आणि तिथेच फसतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७३५ मध्ये मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवर वनस्पतींची विभागणी केली, पण बागेतली फुले बरेचदा दुहेरी, म्हणजे जास्तीच्या पाकळ्यांची असतात. पुष्कळ दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मोजायला काही उरत नाही. एकेरी मोगऱ्यात दोन पुंकेसर स्पष्ट दिसतात, भरगच्च मोगऱ्यात ते शोधणे व्यर्थ. म्हणून आधी पान, पेर (फांदीवर पान फुटते तो सांधा) आणि चीक पाहावा, फूल शेवटी.

महाराष्ट्रात सर्वाधिक घोळ होतो तो अनंत आणि दुहेरी तगर यांच्यात. दोन्ही सदाहरित, दोन्हींची पाने गर्द हिरवी, चकचकीत, दोन्हींची फुले पांढरी आणि बहुपाकळी. पान तोडावे. देठाच्या जखमेतून दुधासारखा चीक ओघळला तर ती तगर (टॅबर्निमोंटाना डायव्हॅरिकेटा, कुल अपोसायनेसी). चीक नसेल तर पेर निरखावे. अनंताच्या (गार्डेनिया जास्मिनॉइडिस, कुल रुबिएसी) कोवळ्या फांदीवर, देठांच्या बुडाशी, खोडाला वेढून बसलेला पातळ पापुद्रा असतो. ही त्याची उपपर्णे. पाने समोरासमोर किंवा तीन-तीनच्या वेढ्यात. तगरीच्या फांद्या दुभंगत जातात, फुले त्या बेचक्यांपाशी येतात आणि एका जोडीतली दोन पाने अनेकदा लहानमोठी असतात. अनंताचे पांढरे फूल जुने होताना पिवळट पडते, आणि वास तर असा की लांबूनच कळतो. एकेरी तगरीच्या पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकाच दिशेने पिळलेल्या असतात. तगर जवळजवळ बारमाही फुलते, तेव्हा केवळ हंगामावरून निवाडा करू नये.

अनंत मूळचा पूर्व आशियातला. त्याच्या एकेरी जातीच्या फळांपासून चीन-जपानमध्ये पिवळा रंग काढतात. त्यातले क्रोसिन हे रंगद्रव्य केशरातही असते. आपल्याकडे दुहेरी अनंतच लावतात, त्यामुळे इथे फळ क्वचितच पाहायला मिळते.

तिसरी उमेदवार कुंती, म्हणजेच कामिनी (मुराया पॅनिक्युलाटा). तिचे पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावरच्या अनेक पर्णिकांचे (छोट्या पानांचे). पर्णिका उजेडासमोर धरली की तेलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतात आणि चुरगळली की लिंबाच्या जातीचा वास येतो. ती लिंबाच्याच कुळातली, रुटेसी.

चीक निघाला की हात धुवावेत आणि चव तर कशाचीच घेऊ नये. कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींचे सर्व भाग विषारी असून हृदयावर परिणाम करतात. कण्हेरीची लांबट पाने बहुधा तीन-तीनच्या वेढ्यात, बिट्टीची एकाआड एक. बिट्टीचे फूल पिवळे, घंटेसारखे, तर फळ हिरवे आणि कोनदार. ओळख पटवण्यासाठी पान चघळून पाहणारे लोक अजूनही भेटतात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

गुलाबी किंवा जांभळट, चुण्या पडलेल्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला बारीक देठ असेल, तर झुडूप बहुधा लॅगरस्ट्रोमिया इंडिका असते. महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामण याच लॅगरस्ट्रोमिया गटातले, पण वेगळ्या जातीचे. पाकळ्यांची चुणी दोघांत सारखीच.

मोबाइलवर एकट्या फुलाचे छायाचित्र पाठवून विचारले, तर उत्तरही तितकेच अर्धवट मिळते. पानाची मागची बाजू, पेर जवळून आणि अख्खे झुडूप, अशी छायाचित्रे सोबत हवीत. तरीही शंका उरली तर पाने, फुले आणि जमल्यास फळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात ती दाखवता येते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राचा वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. फांदी कुठून व कधी तोडली आणि फुलाचा ताजा रंग कोणता होता, हे कागदावर लिहून ठेवावे, कारण वाळल्यावर पांढरे फूल तपकिरी होते आणि वासही जातो.