एसीएल पुनर्रचना : शस्त्रक्रियेदरम्यानची गुंतागुंत

गुडघ्यातील अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल हा अस्थिबंध, तुटल्यास बहुधा रुग्णाच्याच कंडरेचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा) ग्राफ्ट, म्हणजे रोपणाचा तुकडा, तयार करून तो फीमर (मांडीचे हाड) व टिबिया (नडगीचे हाड) या हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून दुर्बिणीच्या साहाय्याने ओवून पक्का करतात. या कामात ऐनवेळी उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींवर तोड निघते. मात्र पर्यायी साधने आधीच हाताशी असावी लागतात.

मांडीमागील सेमिटेन्डिनोसस कंडरेपासून पोटरीच्या स्नायूकडे तंतुपट्टे जातात. ते न कापताच स्ट्रिपर (कंडरा सोलून काढण्याचे साधन) पुढे रेटल्यास कंडरा अर्ध्यातच तुटते. कंडरा ओढताना पोटरीची त्वचा आत खेचली जात असेल, तर पट्टा शिल्लक आहे असे समजावे. आखूड कंडरेचे अधिक पदर करून किंवा तिला शेजारच्या ग्रॅसिलिस कंडरेची जोड देऊन किमान ८ मिमी जाडी साधण्याचा प्रयत्न करतात. तेही न जमल्यास पटेलर कंडरा (गुडघ्याच्या वाटीखालची) किंवा दुसऱ्या पायातील कंडरा घ्यावी लागते, आणि त्याची संमती भूल देण्यापूर्वीच घेतलेली बरी.

ग्राफ्ट जमिनीवर पडणे ही क्वचित घडणारी, पण प्रत्येक शल्यविशारदाच्या मनात धास्ती असलेली घटना आहे. असा ग्राफ्ट सहसा टाकून देत नाहीत; तो क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून सलाइनने भरपूर धुतात. या कामी पोव्हिडोन-आयोडिन हे दुसरे जंतुनाशक तुलनेने कमी प्रभावी ठरते.

सर्वांत कसोटी लागते ती फीमरच्या बोगद्याची मागची भिंत फुटल्यावर. गुडघा पुरेसा, साधारण १२० अंशांपर्यंत, न दुमडता गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या छिद्रातून ड्रिल केल्यास किंवा मार्गदर्शक तार फार मागे बसल्यास १-२ मिमीची ही भिंत उरत नाही, आणि भिंतीच्याच आधारावर घट्ट बसणाऱ्या इंटरफेरन्स स्क्रूला (ग्राफ्ट बोगद्यात दाबून धरणाऱ्या स्क्रूला) पकड मिळत नाही. म्हणून स्क्रू घालण्याआधी बोगद्यातच दुर्बीण सरकवून भिंत तपासणे हिताचे. बाहेरचे कठीण कवच शाबूत असल्यास त्यावर टेकणाऱ्या बटणाने ग्राफ्ट टांगता येतो. अन्यथा बाहेरून आत नवा बोगदा पाडतात, किंवा ग्राफ्ट फीमरच्या मागून वळवून बाहेर स्टेपलने बसवतात.

पटेलर कंडरेचा ग्राफ्ट बोगद्यांच्या मानाने लांब निघाल्यास पीळ देऊन तो आखूड करतात.

गुडघ्यामागील पॉप्लिटियल धमनीची इजा अतिशय विरळ, परंतु सर्वांत गंभीर होय. टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवण्यासाठी मांडीला आवळलेला पट्टा) सोडल्यावर पावलाची नाडी लागली नाही, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदास तत्काळ पाचारण करावे लागते, कारण सुमारे ६ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत न झाल्यास पाय गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो.