कल्चरमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, मग ताप परत का येतो?

लघवीची नळी घातलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप येतो. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जीवाणू लॅबमध्ये वाढवून केलेल्या तपासणीत, ई. कोलाय हा जीवाणू निघतो; अमिकासिन या अँटिबायोटिकपुढे ‘एस’ म्हणजे सेन्सिटिव्ह, औषधाला बळी पडणारा. इंजेक्शने होतात, ताप उतरतो, आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. नवे कल्चर केले तर तोच जीवाणू, तोच ‘एस’. यात लॅबची चूक असेलच असे नाही. लॅबने द्रवात सुटे तरंगणारे जीवाणू तपासले. ताप परत आणणारे नळीला चिकटून बसलेले असतात.

या चिकटलेल्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. मोरीच्या जाळीवर हाताला लागणारा बुळबुळीत थर हीसुद्धा बायोफिल्मच. मोठ्यांना साधारण १४ किंवा १६ नंबरची नळी घालतात. एक नंबर म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणून १६ नंबरची नळी बाहेरून सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास जाड. ती आत गेल्यावर थोड्याच वेळात लघवीतली प्रथिने तिच्यावर बसतात आणि जीवाणूंना पाय रोवायला जागा मिळते. ते दोन वाटांनी येतात: बाहेरून, त्वचेवरून नळीच्या कडेने वर सरकत, किंवा आतून, नळी आणि लघवीची पिशवी यांचा सांधा उघडला गेला की. नळी असताना लघवीत जीवाणू सापडू लागण्याची शक्यता रोज ३ ते ७ टक्के धरतात. महिनाभर राहिलेल्या नळीत ते जवळजवळ हमखास असतात.

चिकटलेले जीवाणू स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए यांचा चिकट गर तयार करतात. औषध या गरातून आत शिरतच नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा. बरीच औषधे आत पोहोचतात. अमिकासिनसारखी धनप्रभारित औषधे मात्र ऋणप्रभारित डीएनएला वाटेतच चिकटतात आणि उशिरा पोहोचतात. खरी अडचण पुढे आहे. तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी, त्यामुळे तिथल्या पेशी जेमतेम जगत असतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पेशीभित्तिका बांधली जात असतानाच घाव घालतात. बांधकामच बंद असेल तर घाव कशावर घालणार? अमिकासिनला पेशीत शिरायलाही प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते.

काही पेशी तर पूर्ण सुस्तावलेल्या असतात. आयर्लंडचे जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिनने स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू मारून पाहिले, तेव्हा दहा लाखांत एखादी पेशी उरत होती. ती पुन्हा वाढवली तर तिची प्रजा पेनिसिलिनला पूर्वीसारखीच बळी पडे. म्हणजे जनुक बदललेले नव्हते, पेशी फक्त निजलेली होती. बिगर यांनी अशा पेशींना ‘पर्सिस्टर’ म्हटले. रिपोर्टवरचा ‘एस’ दर वेळी खरा ठरतो तो याचमुळे. ही प्रतिरोधकता नव्हे, सहनशीलता. लॅबच्या नेहमीच्या चाचणीत दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख सुटे जीवाणू घेऊन त्यांची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा ठरवतात; बायोफिल्मला तिच्या दसपट ते हजारपट लागू शकते, आणि तेवढे औषध रुग्णाला देता येत नाही.

पण सहनशीलता तिथेच थांबत नाही. खेटून बसलेल्या जीवाणूंत प्लास्मिडची, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांची, देवाणघेवाण सोपी जाते आणि अर्धवट मात्रेतल्या औषधामुळे ज्याच्याकडे प्रतिरोधी जनुक आहे त्याचेच फावते. उगाच दिलेला प्रत्येक कोर्स ‘एस’चा ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा, व्हायला हातभार लावतो.

प्रोटियस मिराबिलिस या जीवाणूची तऱ्हा आणखी वाईट. तो युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिक थरात रुततात आणि नळी आतून चुन्यासारखी गच्च होते. मग पिशवी रिकामी, पोट फुगलेले, लघवी कडेने गळतेय. अशी नळी जोर लावून धुण्यापेक्षा बदललेली बरी.

चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्यांकडून मोठी आशा होती. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत सात हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थोड्या दिवसांसाठी घातलेल्या नळीत त्यांचा ठोस फायदा दिसला नाही. साध्या गोष्टीच जास्त उपयोगी पडतात. पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही; दोन तृतीयांश भरली की खालच्या तोटीतून रिकामी करायची, वरचा सांधा उघडायचा नाही. स्ट्रेचरवरून नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात, तेव्हा जुनी लघवी उलटी मूत्राशयात जाते. सर्रास घडणारी चूक.

कल्चरचा नमुना पिशवीतून कधीच घेऊ नये. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि तरीही लागणार असेल, तर आधी ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. जुनीतून घेतला तर मूत्राशयाऐवजी नळीतल्या वस्तीचाच रिपोर्ट हाती येतो. ताप, थंडी, कंबरेत दुखणे यांपैकी काही नसताना नुसते कल्चर पॉझिटिव्ह आले, तर गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडता सहसा अँटिबायोटिक लागत नाही. आणि रोजच्या राउंडला डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: नळी आज काढता येईल का?