कणीस आणि कडबा : एकाच साखरेचे दोन वाटे

ज्वारीची काढणी झाली की धाटाचे दोन वाटे होतात. कणीस खळ्यावर जातं, उरलेलं धाट कडब्याच्या पेंडीत. दाण्याची भाकरी आपण खातो, कडबा बैलापुढे पडतो. मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारीचा एवढा मान आहे तो या दोन्हींमुळे, दाणाही चांगला आणि कडबाही. पण माणसाने कडबा चावून पोट भरायचं म्हटलं तर ते जमत नाही. असं का, याचं उत्तर मला जीवरसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

कारण मुळात दोन्हीकडे साखरच आहे. पानात उन्हाच्या बळावर ग्लुकोज तयार होतो. हा अवघ्या 24 अणूंचा रेणू. झाड असे हजारो रेणू एकापुढे एक ओवतं आणि महारेणू घडवतं. दाण्यात त्याचा स्टार्च होतो, सुक्या दाण्याचा साधारण 70 टक्के भाग तोच असतो. धाटात त्याच ग्लुकोजचं सेल्युलोज होतं. मणी तेच, फरक फक्त गाठीचा.

ग्लुकोजचा रेणू कड्यासारखा असतो. कड्यातल्या पहिल्या कार्बनला ऑक्सिजनचा एक हात असतो. तो कड्याच्या खालच्या बाजूला वळलेला असला तर अल्फा, वरच्या बाजूला असला तर बीटा. हाच हात शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला धरतो. अल्फा गाठींनी ओवत गेलं की प्रत्येक मणी थोडा वळतो आणि माळ स्प्रिंगसारखी गुंडाळते, एका वेढ्यात साधारण सहा मणी. बीटा गाठीत मात्र प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या मानाने उलटा बसतो. वळणं एकमेकांना खोडून काढतात आणि माळ काठीसारखी सरळ राहते.

सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते. सेल्युलोजच्या माळा तशाच शेजारी शेजारी लागतात आणि त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. असा एकेक बंध दुबळा असतो, पण हजारो मिळून पाण्यालाही आत शिरू देत नाहीत. धाटाला ताठपणा देणाऱ्या लिग्निन या पदार्थाची साथ घेऊन हीच मोळी पुरुषभर उंचीचं धाट वाऱ्यात उभं ठेवते. स्टार्चचं काम उभं राहण्याचं नाहीच, ते साठवणीचं आहे. त्यातल्या अमायलोपेक्टिन नावाच्या माळेला तर झाडासारख्या फांद्या असतात. फांद्या पुष्कळ म्हणजे टोकंही पुष्कळ, त्यामुळे कोंब फुटताना बी एकाच वेळी अनेक टोकांवरून साखर तोडून घेऊ शकतं.

घरी हा फरक बघायचा तर भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. आयोडीन स्टार्चच्या वेढ्यांत शिरतं आणि डाग निळा-काळा होतो. कापसाच्या बोळ्यावर, म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजवर, तो तपकिरीच राहतो. सुती कापडाला खळ घालतात तेव्हा आपण बीटा गाठींच्या धाग्यावर अल्फा गाठींचा लेप चढवत असतो.

स्वयंपाकघरात स्टार्चच्या या सैल माळांवरच सगळी भिस्त असते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या गार पाण्यात पीठ जुळून येत नाही. त्यातही पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी चिरते. उकळतं आधण ओतलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांच्या माळा सुटतात आणि पीठ चिकट होतं. कडबा कितीही उकळा, असं काही होत नाही.

पचनाचंही तेच. आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) एक प्रथिन आहे, सुमारे पाचशे अमिनो आम्लांची घडी घातलेली माळ. तिच्या खाचेत अल्फा गाठ नेमकी बसते आणि तुटते, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागायला लागतो. बीटा गाठ त्या खाचेत बसत नाही. या प्रथिनाची कृती डीएनएत लिहिलेली असते. तिच्या प्रती कुणाकडे दोनच असतात, कुणाकडे दहाच्या वर. सेल्युलोज तोडणाऱ्या विकराची कृती मात्र आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

ती बैलाकडेही नाही! त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जीवाणू, आदिजीव आणि बुरशी राहतात. बीटा गाठी तोडायचं काम ते करतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर बैलाची बरीचशी ताकद चालते. रवंथ करून तो तीच मोळी पुन्हा पुन्हा दळून त्यांच्या हवाली करत असतो.

रात्री उरलेली भाकरी सकाळी कडक होते, ती केवळ वाळल्यामुळे नाही. थंड होताना स्टार्चच्या सुटलेल्या माळा पुन्हा एकमेकींजवळ येतात आणि काही ठिकाणी घट्ट रचल्या जातात. त्यांतल्या काही अमायलेजलाही दाद देत नाहीत. त्या थेट मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले आपले जीवाणू त्या खातात. बाकीच्या सैल करायला मात्र भाकरीवर पाण्याचा हबका मारून ती तव्यावर टाकली तरी पुरतं.