खरकट्याचा गॅस आणि ‘मळी’चा घोळ

शेणावर चालणाऱ्या बायोगॅसच्या टाकीत गॅस वाढावा म्हणून वरून काही घालावं का, हा प्रश्न पूर्वी कुणाला पडत नसे. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले, १९८१-८२ पासून अशा टाक्यांना केंद्राचं अनुदान सुरू झालं. शेणात मिथेन (पेटणारा गॅस) बनवणारे जिवाणू आणि क्षार आयतेच असत, त्यामुळं परड्यातली टाकी निमूट चाले.

टाकीत शेणाऐवजी खरकटं आलं आणि गणित बिघडलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर मेस, खानावळी, मंगल कार्यालयांवर ओला कचरा जागेवरच जिरवायचा दबाव वाढला. भात-भाजी दोन दिवसांत आंबट होते, मिथेनचे जिवाणू सावकाश वाढतात. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ६.५ च्या खाली गेला की गॅस येतो पण पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. मग आंबटपणा मोडायला चुन्याची पिशवी ओतली जाते. चुना तोच वायू शोषतो, म्हणून मीटरवर मिथेनचा टक्का चढतो. मिथेनचे लिटर मात्र तेवढेच, आणि तळाला खडूचा थर. खायचा सोडा जपून घातला तर बरा, पण खरकट्यात मीठ आधीच असतं. सोडियम लिटरला साडेतीन ग्रॅमच्या पुढं गेलं की जिवाणू मंदावतात.

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडं खरा घोळ टाकीत घालायच्या ‘मळी’ या शब्दाचा. शेतकऱ्याची मळी म्हणजे प्रेसमड, साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला काळा चोथा. कारखान्याच्या हिशेबात आणि बातम्यांत मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरणारा दाट पाक. टाकीत दोन्हींचं वागणं उलटं. मोलॅसिसमधली साखर तासाभरात आम्ल व्हायला लागते. आंबट टाकीत ती ओतणं म्हणजे आगीत रॉकेल. प्रेसमड हळू पचतो आणि त्यात चुन्याचा अंश असल्यानं आम्लही सावरतो. मात्र गंधकाचा धूर देऊन रस साफ करणाऱ्या कारखान्याच्या प्रेसमडमध्ये गंधक येतं, गॅसला सडक्या अंड्यांचा वास सुटतो, शेगडीचे बर्नर खातात. तिथं लोहक्षार थोडा थोडा घालावा. प्रेसमड ताजाच हवा. उघड्यावर महिनाभर पडला की त्यातला गॅस वाऱ्यावर गेलेला असतो. २०१८ नंतर कॉम्प्रेस्ड (दाबून भरलेल्या) बायोगॅससाठी याच चोथ्याला मागणी आली (साधारण २५ टनांतून १ टन गॅस), आणि पूर्वी ट्रॉलीनं शेतात टाकला जाणारा माल भावाचा झाला.

नुसत्या खरकट्यावर काही महिने चाललेली टाकी अचानक आंबते, याचं कारण गेल्या दशकात स्पष्ट झालं: जिवाणूंना लागणाऱ्या कोबाल्ट, निकेल, सेलेनियमची उणीव. त्यामुळं प्रोपिऑनिक आम्ल साठत जातं. या तिन्हींची मात्रा लिटरला मिलिग्रॅमच्या अंशात. चिमूटभर जास्त झाली की विषच. शेण थोडं मिसळत राहिलं तर ही वेळ सहसा येत नाही. टाकीत घालायची आणखी एक वस्तू म्हणजे भाताच्या तुसाचा कोळसा, तो खानापूरकडं सहज करता येतो. प्रयोगांत तो लिटरला १० ग्रॅमच्या आसपास वापरतात.

‘कल्चर’ (गॅस वाढवणारे जिवाणू) म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत अनेकदा गूळ किंवा मोलॅसिस असतं. एक किलो साखर पूर्ण पचली तर तिचाच सुमारे ३९० लिटर मिथेन होतो. म्हणून एका कॅनमध्ये नुसती स्लरी (टाकीतला पातळ राडा), दुसऱ्यात स्लरी आणि पावडर, तिसऱ्यात स्लरी आणि खरकटं, चौथ्यात तिन्ही, असं घालून महिनाभर प्रत्येकातला मिथेन मोजावा. चौथ्यातून तिसरा वजा करून उरेल ते दुसऱ्यात पहिल्यापेक्षा जास्त आलेल्याएवढंच असेल, तर पावडरीनं खरकट्यातून जादा काही काढलेलं नाही.