आफ्रिकी रानद्राक्ष

द्राक्ष कुलातील (व्हायटेसी) सदाहरित, मोठी वेल. शास्त्रीय नाव ऱ्होइसिसस टोमेंटोसा. दक्षिण आफ्रिकेत केपपासून क्वाझुलू-नाताल आणि लिंपोपोपर्यंतच्या जंगलांत, विशेषतः ओढ्याकाठी व रानाच्या कडेला ती आढळते. आफ्रिकान्स भाषेत तिला ‘बॉसड्रुइफ’, म्हणजे रानातले द्राक्ष, तर झुलू भाषेत ‘इसिन्वाझी’ म्हणतात. सह्याद्रीतही एका वेलीला रानद्राक्ष हे नाव आहे, पण ती ॲम्पेलोसिसस या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस). दोघींचे कूळ एकच, वेली मात्र वेगळ्या.

झाडांचा आधार मिळाला की ही वेल सुमारे २० मीटर उंच जाते. जून खोड दोरखंडासारखे जाड होते. ते बांधायला वापरतातही. चढण्याचे काम पानांसमोर येणारे तणावे करतात. पान एकटेच, अखंड, काहीसे मूत्रपिंडाच्या आकाराचे किंवा तीन उथळ खंडांचे असते. लांबून पाहिले तर थेट द्राक्षाचेच वाटावे. पान उलटले की फरक कळतो, कारण खालच्या बाजूला आणि कोवळ्या फुटव्यांवर तांबूस, मखमली लव असते. ‘टोमेंटोसा’ हे जातिनाम या लवेवरूनच आले. फुले बारीक, हिरवट पिवळी, सहज नजरेतून सुटणारी.

फळ गोल, सुमारे २ सेंमी. व्यासाचे, पिकल्यावर लाल ते काळपट जांभळे होते. ते खाण्याजोगे असले तरी चांगलेच आंबट. नाशिकच्या द्राक्षाची गोडी मनात ठेवून तोंडात टाकणाऱ्याची निराशा ठरलेली. त्यामुळे त्याचा खरा उपयोग साखर घालून केलेल्या जॅम-जेलीत होतो. पक्ष्यांना आंबटपणाची अडचण नाही. ते फळे खातात आणि बियांचा प्रसार करतात. झुलू वैद्यकात याच प्रजातीतल्या ऱ्होइसिसस ट्रायडेंटाटा या वेलीची मुळे ‘इसिहलाम्बेझो’ या गरोदरपणात घ्यायच्या काढ्यात घालतात.

ऱ्होइसिसस ही प्रजाती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल एमिल प्लांशाँ यांनी १८८७ मध्ये प्रस्थापित केली. फ्रान्समधले द्राक्षमळे फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने उजाड होत असताना १८६८ मध्ये ती कीड मुळांवर शोधून काढणाऱ्या मंडळींत हेच प्लांशाँ होते. केपच्या मळ्यांतही ही कीड १८८६ मध्ये सापडली. तिथली लागवडीची द्राक्षे मुळात युरोपातून आणलेली; केपमधल्या डच वसाहतीचे संस्थापक यान व्हान रीबेक यांच्या काळात, १६५९ मध्ये, त्यांची पहिली वाइन झाली होती. केप टाउनच्या टेबल माउंटन या डोंगराच्या घळींत वाढणाऱ्या स्थानिक रानद्राक्षाची मात्र मळ्यात लागवड झाली नाही. युरोपात ही वेल गेली ती घरातली शोभेची वेल म्हणून. सावली तिला सोसते, त्यामुळे ती कुंडीत, कमी उजेडाच्या खोलीतही तग धरते. रोपे बियांपासून किंवा छाटकलमांनी करतात.